पाठीवरची बोटं

शनिवारी सकाळी वेरोनिका शहरातून घरी आली तेव्हा आक्रोड दळायचं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला आवळून बसवलेलं होतं आणि बाबा त्याचा दांडा फिरवत होते. अलीकडे हेच एक काम त्यांच्या हातून नीट व्हायचं. दांडा गोल फिरत राहतो. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, मधलं काही लक्षात ठेवावं लागत नाही. आई वरून मूठमूठ आक्रोड सोडत होती आणि थांबायची वेळ आली की बाबांच्या मनगटावर हात ठेवत होती.

"आली का पुस्तकवाली," बाबा म्हणाले.

वेरोनिका शहरातल्या ग्रंथालयात नोकरीला होती, त्यामुळे हे नाव घरात जुनंच. पण हल्ली बाबा ते घेत ते खरं नाव सापडत नाही म्हणून, हे तिघांनाही कळत होतं. तिने कोट खुंटीला लावला आणि त्यांच्या टकलावर ओठ टेकले.

"एवढे आक्रोड? चर्चच्या विक्रीत सगळ्या गावाला जेवू घालणार आहेस का, आई?"

"गेल्या वर्षी माझे रोल दुपारच्या आत संपले. मार्गिटचे संध्याकाळपर्यंत पडून होते. मनुका घातल्या होत्या बाईने. आक्रोडाच्या रोलमध्ये मनुका. तिच्या सासूने कबरीत कूस बदलली असेल."

बाबा हसले. कशाला हसायचं हे त्यांना अजून बरोबर कळायचं.

वेरोनिकाने कॉफी ओतली. "बाबा, साखर किती चमचे?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दांडा सोडला, ताठ झाले आणि पाठ हळूच खुर्चीच्या मागे रेटून तसेच बसून राहिले. हनुवटी थोडी वर, नजर समोरच्या भिंतीवर. कुणीतरी मागून येणार आहे आणि आपण त्याची वाट पाहतोय, असं काहीसं. ही सवय तिने गेल्या वर्षभरात पुष्कळदा पाहिली होती. पाठ आखडली असेल म्हणून ती मागे गेली आणि दोन्ही हातांनी चोळू लागली. एवढी मोठी पाठ, पण आता सदऱ्याखाली बरगड्या लागत होत्या.

"जोरात," बाबा म्हणाले.

तिने जोर लावला.

"जोरात रे. कळत नाहीये."

'रे' तिच्या कानाला लागला. पण ज्या माणसाला मुलीचं नाव सापडत नाही त्याच्या एका 'रे'ने काय मोठंसं, असं म्हणून तिने तो सोडून दिला.

तेवढ्यात मागचं दार न ठोठावता उघडलं. असं दार उघडणारा गावात एकच माणूस होता. कॅझ डुडेक, तिचा धर्मपिता. बाबा शहराच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात होते तितकी सगळी वर्षं हा त्यांच्या उजव्या खांद्याला खांदा लावून खेळला. कॅझ सेंटर, म्हणजे चेंडू मागे देणारा, आणि संघाचा कर्णधार. बाबा त्याच्या डावीकडचे गार्ड. दर शनिवारी तो बाबांना न्हाव्याकडे न्यायचा आणि तिथून तळलेल्या माशाचं सँडविच खायला.

"काय रे म्हाताऱ्या घोड्या, बायकांची कामं करतोस? ऑल्गा, याला पगार काय देतेस?"

"जेवायला घालते," आई म्हणाली. "तुलाही घालते, आणि तू तर कामही करत नाहीस."

कॅझ बाबांच्या मागे जाऊन उभा राहिला, आपला तो सुपाएवढा हात त्यांच्या पाठीवर ठेवून. "खरं सांग, काल रात्री किती बिअर ढोसल्यास?"

"तीन," बाबा झटकन म्हणाले.

"खोटारडा. आणि पोरगी विचारतेय, साखर किती?"

"दोन."

आईने वेरोनिकाकडे पाहून मान हलवली. "बघितलंस? हा आला की डोकं ठिकाणावर येतं. आपण दिवसभर डोकं फोडून घेतो."

ते खरं होतं. वेरोनिकाला थोडं लागलं, नेहमीसारखं. खिडकीतून तिने पाहिलं, कॅझ अंगणात बाबांच्या गळ्याला मफलर गुंडाळत होता. एक चपटं नाक, एक मोडकं नाक, आणि दोघांचे गुडघे असे की दोघं मिळून एक चांगला माणूस चालला असता.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा घरभर भाजलेल्या रोलचा वास होता. बाबा दारापर्यंत आले. "हळू चालव," ते म्हणाले. "पुलावर बर्फ आधी धरतो." हे मात्र त्यांनी कधीच विसरून सोडलं नव्हतं.

रविवारी सकाळी आईचा फोन आला. बाबा तिच्या आधी उठले होते आणि तळघराचा जिना उतरायला गेले होते. कशासाठी, ते कुणालाच कळलं नाही.

---

शवपेटीशेजारी आईने फोटो मांडले होते. लोक ते पाहत पुढे सरकत होते आणि वेरोनिका उभी राहून हात हातात घेत होती. एका फोटोत सोळा वर्षांचे बाबा, डोक्यावर चामड्याचं शिरस्त्राण, मागे स्टीलच्या गिरणीच्या चिमण्या. त्याच वर्षी त्यांचे वडील भट्टीवर काम करताना गेले. वितळलेलं लोखंड उसळलं आणि पुरायला म्हणून काही उरलं नाही. गिरणीने त्याच लोखंडाचा एक चौकोनी ठोकळा दिला, तोच पेटीत घालून पुरला. बाबा शिकले, सैन्यात जाऊन आले, आणि मग शहराच्या संघाने त्यांना घेतलं. गावात स्लोव्हाकांच्या चर्चमध्ये त्या रविवारी घंटा जरा जास्तच वेळ वाजली, असं आई सांगायची.

गार्डकडे कुणी पाहत नाही. चेंडू त्याच्या हातात कधी येत नाही. समोरच्या माणसाला अंगावर घेऊन वाट मोकळी करायची, मग चिखलातून उठायचं आणि पुन्हा तेच. वाट मोकळी झाली की टाळ्या पडतात त्या मागून पळत गेलेल्याला. सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत एमिल ह्रुश्का या बाबांच्या नावातलं आडनाव पहिली दोन वर्षं चुकीचं छापलं जात होतं आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. मोसम संपला की ते गिरणीत कामाला जात. पण माल ठेवायच्या पडवीत, भट्टीपासून लांब. खेळाडू म्हणून एवढी सवलत होती.

खेळाच्या त्या सहा-सात वर्षांतले लहान-मोठे फोटो पाहताना वेरोनिकाला मात्र एकच रविवार आठवत होता. ती शाळकरी होती. बाबा मैदानाच्या मध्यावर पडलेले, हलत नव्हते. सगळं मैदान गप्प. शेजारी आई, हातात जपमाळ. मग संघाचा मलमपट्टी करणारा डूलन धावत गेला, कॅझकाकाने बाबांना मागून धरून उभं केलं, डूलनने त्यांच्या तोंडासमोर हात नाचवला, काही विचारलं, आणि ओरडला, "ह्रुश्का आत!" म्हणजे पडलेला पुढे खेळणार. पूर्ण मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. तिनेही वाजवल्या. पण आतल्या आत ती देवाकडे भलतंच मागत होती. त्यांना बाहेर येऊ दे. आजच्या दिवस बाहेर येऊ दे. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या गावात असं म्हणणं आणि चर्चमध्ये थुंकणं सारखंच होतं.

"रोनी." कॅझकाका रांगेतून तिच्यापर्यंत आला होता. काळा कोट त्याला खांद्यांत होत नव्हता. डोळे सुजलेले. "ऑल्गा म्हणते, तिचा आवाज फुटायचा नाही. मग उद्या उत्तर तू देशील ना?"

तिला विचारायची गरज नव्हती, कसलं उत्तर. जुन्या संघातला कुणी गेला की दफनानंतरच्या जेवणात उरलेले सगळे डोकी जुळवून कडं करत, मैदानात करायचे तसं. त्याची जागा मोकळी ठेवत. कर्णधार विचारायचा, अमका आत आहे का? घरातलं माणूस म्हणायचं, आत आहे. मग कडं मिटायचं आणि सगळे एक एक घोट घ्यायचे. हे तिने इतरांच्या वेळी पाहिलं होतं आणि दरवेळी तिचे डोळे भरून आले होते.

"देईन, कॅझकाका."

"तुझ्यावाचून कोण होतं गं त्याला," तो म्हणाला आणि तिला छातीशी धरलं. तिला बरं वाटलं. त्या दोन दिवसांत तेवढंच.

---

चर्चच्या तळघरात लांब टेबलांवर पांढरे कागद अंथरले होते. कोबीच्या पानात खिमा गुंडाळलेली होलुबकी, लोण्यात घोळलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या हालुश्की, हॅम, आणि आईचे आक्रोडाचे रोल. विक्रीसाठी केलेले. वेरोनिकाने एक तुकडा ताटात घेतला आणि तसाच ठेवला. ते आक्रोड कुणी दळले होते हे तिला ठाऊक होतं.

जुन्या खेळाडूंनी एक टेबल धरलं होतं. कुणाचं कंबरेचं हाड बदललेलं, कुणाची बोटं सरळ होत नव्हती. रुडी नावाचा एक जण दर थोड्या वेळाने बायकोला विचारत होता, कुणाची शोकसभा आहे, आणि ती दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत होती. दोन पेले पोटात गेल्यावर कॅझ उठून उभा राहिला. सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या. त्याच्यासारखं सांगणारा दुसरा नव्हता.

"चिखलाचा सामना," तो म्हणाला, आणि तेवढ्यानेच काही जण हसू लागले. "एमिलच्या कानशिलावर गुडघा बसला. पडला. उठला. उठला तो सरळ समोरच्या संघाच्या कड्यात जाऊन उभा. खांद्यावर हात टाकून, मान खाली घालून. त्यांचा डाव सांगणारा क्वार्टरबॅक म्हणतो, 'साहेब, तुमचं घर पलीकडे.'"

सगळे हसले. फादरही हसले.

"मी आणला ओढून. तेवढ्यात डूलन आला. आता डूलन, देव त्याचं भलं करो, इमानी माणूस. दर वेळी बोटं बदलायचा. 'एमिल, किती?' अरे, याला डूलनच दिसत नव्हता, बोटं कुठली दिसायला! पण मी मागे उभा होतो. पाठीवर टक, टक, टक, टक." कॅझने हवेत बोटाने मारून दाखवलं. "आणि हा पठ्ठ्या, शाळेतल्या मॉनिटरसारखा ताठ: 'चार!' डूलन म्हणतो, 'ह्रुश्का आत!'"

टेबलावर मुठी आपटल्या गेल्या.

"माझ्या पाठीवरही मारायचास तू," रुडी म्हणाला.

"तुझा उपयोग नव्हता, रुडी. तुला मोजताच यायचं नाही."

रुडीची बायकोसुद्धा हसली. "शेवटी शेवटी," कॅझ डोळे पुसत म्हणाला, "याला सांगावंच लागायचं नाही. डूलन दिसला की पाठ आपोआप मागे. असा टेकून वाट बघायचा माझी. जगात एवढा विश्वास कुणी माझ्यावर टाकला नाही. बायकोनेही नाही."

वेरोनिकाच्या हातात काटा होता. तो तिने ताटाच्या कडेला ठेवला, आवाज होणार नाही असा.

जोरात रे. कळत नाहीये.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे ती स्वतः घेऊन गेली होती त्यांना, दीड वर्षामागे. डॉक्टरांनी बोटं दाखवली होती. बाबांनी पाठ खुर्चीला टेकवली होती आणि वाट पाहत बसले होते. ती शेजारी बसली होती, हात मांडीवर ठेवून.

---

आई तळघराच्या मागच्या स्वयंपाकघरात होती. नवऱ्याच्या दफनाच्या जेवणातसुद्धा तिला बसवत नव्हतं. ती रोल कापत होती.

"आई, बोटांचं तुला माहीत होतं?"

"कसल्या बोटांचं?"

"कॅझकाका पाठीवर मारायचे ते."

आईने सुरी पुसली. "सगळ्या बायकांना माहीत होतं. आम्ही एकाच ओळीत बसायचो. डूलन धावला की मी त्याच्याकडे बघायचेच नाही, कॅझच्या कोपराकडे बघायचे. कोपर हललं की माझा श्वास सुटायचा."

"सुटायचा?"

"बाकावर तो दुसरा पोरगा बसलेला असायचा, वोजिक. दांडगा, बावीस वर्षांचा. एक रविवार तो खेळला की पुढचे सगळे रविवार त्याचे. मग तुझे बाबा बारा महिने गिरणीत, आणि मग पडवीत कोण ठेवतंय? त्याच्या बापाच्या जागेवर, भट्टीवरच. ठोकळा पुरलाय मी तिथे, रोनी. लग्न व्हायचं होतं अजून, पण सासूचा हात धरून उभी होते." तिने सुरी पुन्हा हातात घेतली. "मला मैदान बरं वाटायचं. मैदानावर पडलेला माणूस उठतो तरी."

 वेरोनिकाने आयुष्यभर पुस्तकं वाचली. मुष्टियोद्ध्यांच्या डोक्याचं काय होतं तेही वाचलं होतं, आणि इथपर्यंत आणून जोडलं नव्हतं.

"आणि गावातल्या डॉक्टर मॅगीकडे?" तिने विचारलं. "पहिल्या वेळी. आत त्यांच्याबरोबर कोण होतं?"

आईचा हात थांबला.

तीन वर्षांमागची गोष्ट. गिरणी बंद झाली त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली. बाबा जेवता जेवता म्हणाले होते, "डोक्यात मधमाश्या शिरल्यात. काहीतरी बिघडलंय माझं." तसं बोलणारा माणूस नव्हता तो. आईने गावातल्या डॉक्टरांकडे पाठवलं, कॅझ गाडीतून घेऊन गेला. परत आला तो दारातूनच ओरडत: "घोड्यासारखा ठणठणीत आहे! डॉक्टर म्हणतो, काम नाही म्हणून डोकं रिकामं पडलंय." मग बाबा पुन्हा मधमाश्यांचं बोलले की आई म्हणायची, डॉक्टरांनी सांगितलंय ना. वेरोनिका फोनवर म्हणायची, बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना. तो पूर्ण हिवाळा असा गेला. वसंतात त्यांनी बोलायचं सोडून दिलं.

"मी म्हटलं होतं मी येते," आई म्हणाली. "एमिल म्हणाला, नको, कॅझ आहे." ती रोलकडे पाहत राहिली. "त्याने तिथे तसं केलं नसेल. डॉक्टरपुढे कुणी करेल का?"

---

कॅझ बाहेरच्या पायऱ्यांवर उभा होता. तोंडात न पेटवलेला चिरूट. समोर नदीच्या पलीकडे बंद गिरणीची पडवी दिसत होती.

"थंडी आहे, पोरी. कोट घालून ये."

"डॉक्टर मॅगीने बोटं दाखवली होती का, कॅझकाका?"

त्याने लगेच विचारलं नाही, कसली बोटं. चिरूट हातात घेतला, उलटसुलट केला.

"त्याने पाठ मागे केली, रोनी. इतक्या वर्षांनी. मी शेजारी बसलो होतो, हात खुर्चीच्या पाठीवर होता. डॉक्टरने बोटं वर केली आणि हा मागे टेकला. माझं बोट आपोआप चाललं. मी ठरवून नाही केलं काही."

"एकदाच?"

"वार विचारला, तेव्हा मी मध्येच काहीतरी विनोद केला. याला तरुणपणीसुद्धा रविवारखेरीज वार माहीत नव्हता, असं काहीतरी. डॉक्टर हसला. तो आमचे सामने बघायला यायचा ना लहानपणी." त्याने नदीकडे पाहिलं. "मग त्याने विचारलं, मुलं किती?"

वेरोनिकाने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"त्या प्रश्नालाही त्याने पाठ मागे केली," कॅझ म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की तिला एक पायरी खाली उतरावं लागलं. "मी एकदाच मारलं. एकच."

नदीवरून एक कोळशाची नाव चालली होती. ती पुलाखाली गेली.

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं."

"कळलं."

"आणि घरी येऊन म्हणालात, घोड्यासारखा ठणठणीत."

"गाडीत बसल्यावर तो मला म्हणाला, 'जमलं ना?' कसला खूश होता, रोनी. लहान पोरासारखा. त्या वेळी तू असतीस तर काय सांगितलं असतंस त्याला? आणि सांगून होणार काय होतं? औषध आहे का त्याच्यावर? तो मोठा शहरातला डॉक्टर, त्याने तरी काय दिलं?"

औषध नव्हतं. ते खरंच होतं. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं आणि म्हणूनच तिला कुठे हात घालता येईना. एक पूर्ण हिवाळा तो माणूस सगळ्यांना सांगत होता, माझं काहीतरी बिघडलंय, आणि ज्या एकाला हे खरं आहे हे ठाऊक होतं तो दर शनिवारी त्याला माशाचं सँडविच खायला नेत होता. आणि बाबांनीही तोच निवडला होता. नको, कॅझ आहे. मुलगी आहे, असं नव्हते म्हणाले.

"मी त्याला वाऱ्यावर सोडलं नाही," कॅझ म्हणाला. "शेवटच्या शनिवारपर्यंत."

"माहीत आहे."

"त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. नव्हतं ना?"

तळघरातून कुणीतरी हाक मारली. "कॅझ! चला, उभे राहतायत सगळे. रुडीला फार वेळ उभं राहवत नाही."

त्याने चिरूट खिशात घातला. जाता जाता वेरोनिकाच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, आणि न ठेवता खाली घेतला.

---

टेबलं सरकवून मध्ये जागा केली होती. म्हातारे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून कडं करत होते, कुणी काठी टेकून, कुणी भिंतीकडची खुर्ची एका हाताने धरून. रुडीला दोघांनी मध्ये घेतलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर एकाएकी शांती आली होती. हे त्याला माहीत होतं, इथे कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. कॅझ त्याच्या जागी जाऊन उभा राहिला. त्याच्या डाव्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी.

बायका पाठीमागे उभ्या राहिल्या. मार्गिटने डोळ्यांना रुमाल लावला. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात सुरी तशीच, आणि वेरोनिकाकडे पाहू लागली. त्या पाहण्यात विनवणी होती. दोनच शब्द. आजच्या दिवस. माणसं घरी जातील, मग काय ते बोल.

वेरोनिका कड्याच्या त्या मोकळ्या जागेसमोर उभी होती. तिथेच उभं राहायचं असतं.

तिला म्हणता आलं असतं. दोन शब्द होते आणि सगळ्यांना घरी जाता आलं असतं. तिने ते शब्द तोंडात तयारही केले होते. मग तिची नजर कॅझच्या डाव्या हाताकडे गेली. उजवा हात शेजारच्याच्या खांद्यावर होता. डावा मोकळ्या जागेत, हवेत, एका पाठीच्या उंचीवर थांबला होता, आणि त्याचं एक बोट किंचित पुढे आलेलं होतं. त्याला ते ठाऊकही नसावं.

"एमिल ह्रुश्का," कॅझने विचारलं. आवाज चिरकला, त्याने पुन्हा विचारलं. "एमिल ह्रुश्का आत आहे का?"

तळघर गप्प झालं. ते मैदान गप्प व्हायचं तसंच.

"नाही," वेरोनिका म्हणाली.

कुणाला वाटलं तिला ऐकू आलं नसेल. मार्गिट मागून कुजबुजली, "आत आहे म्हणायचं, बाळ." तिने मागे पाहिलं नाही. ती कॅझकडे पाहत होती, आणि आवाज तिला वाटलं होतं तसा मोठा झाला नाही. ग्रंथालयात बोलते तसाच राहिला.

"ते बाहेर आहेत, कॅझकाका. तुम्ही हात ठेवला नसता तर तेव्हाच बाहेर आले असते. मी टाळ्या वाजवायचे सगळ्यांबरोबर, पण मला ते आत नको होते. एकदाही नको होते. मला ते बाहेर हवे होते."